परसातला हौद आणि घरचा हिशेब



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी त्यांतला नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकावर. गेली एकतीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. म्हणजे आकडे मांडणे आणि समोरच्याच्या आकड्यांतली खोट काढणे हाच माझा धंदा. चिटणीसांचे निमंत्रण आले तेव्हा मला वाटले, बोनस नाहीतर कंत्राटी कामगार, असाच विषय असणार. पण ते म्हणाले, "यंदा घरच्या पैशावर बोला. माणसे निवृत्त होतात, हातात एकदम रक्कम येते आणि दोन वर्षांत ती कुठे गेली ते कळत नाही." म्हणून मी आज एका हौदाची गोष्ट सांगणार आहे. हौद म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत बांधायचा, पोहण्याचा खाजगी तलाव. हा विषय आपला नव्हे, श्रीमंतांचा आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. मलाही तसेच वाटले होते.

माझे एक जुने सहकारी आहेत. त्यांना आपण आप्पा म्हणू. चौतीस वर्षे त्यांनी एका फाउंड्रीत फिटरचे काम केले. भट्टीजवळचा उन्हाळा ज्याने चौतीस वर्षे सोसला त्याला पाण्याची ओढ का असते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. निवृत्त झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून बरी रक्कम हाती आली. गावाबाहेर पाच गुंठ्यांचा प्लॉट पूर्वीच घेतलेला होता, त्यावर मुलाने कर्ज काढून घर बांधले होते, आणि घरामागे जागा मोकळी पडून होती. एके दिवशी आप्पा एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल अशा हौदाचे ते अंदाजपत्रक होते. रक्कम बारा लाख. आणि कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते की ही आपल्या कुटुंबाची आयुष्यभराची गुंतवणूक आहे.

मी हसलो. खरे सांगायचे तर थोडा टोचूनच बोललो. "आप्पा, संपाच्या दिवसांत आपण दोघांनी एका वडापावावर दिवस काढले, आणि आता परसात तलाव?" आप्पा काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालत थोड्या वेळाने म्हणाले, "तुला माहीत नाही. माझा थोरला भाऊ कालव्यात गेला. मी काठावर होतो. मला पोहता येत नव्हतं. अजून येत नाही. नातवाला यायला पाहिजे."

पंचवीस वर्षांच्या ओळखीत हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा हसणे आवरून मी म्हटले, की रविवारी या, वहीपेन्सिल घेऊन बसू. हिशेब करायचा, पण चेष्टा नाही.

पहिला प्रश्न शब्दाचा. गुंतवणूक कशाला म्हणावे? आपण कारखान्यात काम केलेली माणसे. आपल्याला हे पुस्तकातून शिकायला नको. लेथ घेतला तर तो माल काढतो. विहिरीवर मोटार बसवली तर पीक वाढते. शिवणयंत्र घरात आले तर चार पैसे आणते किंवा शिंप्याचे चार पैसे वाचवते. जे पैसे आणत नाही, वाचवत नाही आणि विकताना घातल्यापेक्षा जास्त देत नाही, ते गुंतवणूक नव्हे; तो खर्च. खर्च वाईट असतो असे मी म्हणत नाही. मुलीच्या लग्नातले जेवण हा खर्च आहे, पंढरीची वारी हा खर्च आहे, आणि कष्ट केलेल्या माणसाला हौशीचा पूर्ण हक्क आहे. एवढेच की खर्चाला गुंतवणूक म्हटले की माणूस फंडाला हात घालतो, आणि खर्चाला खर्च म्हटले की तो आधी खिसा चाचपतो.

कंत्राटदाराचे म्हणणे होते की हौदामुळे घराची किंमत वाढते. ज्याला हौद हवाच आहे असा गिऱ्हाईक मिळाला तर थोडी वाढेलही. पण ज्याच्या घरात दोन वर्षांचे मूल आहे, तो गिऱ्हाईक हौद बुजवायला किती लागतील ते विचारील आणि तेवढे किमतीतून वजा करील. एक किंमत मात्र हौद नक्की वाढवतो, ती सरकारच्या नजरेतली. २०१० साली ग्रीस देश कर्जात बुडाला होता, तेव्हा अथेन्सच्या उत्तरेकडील श्रीमंत वस्तीत ३२४ लोकांनी आपल्या घरी तलाव असल्याचे करखात्याला कळवलेले होते. उपग्रहाची छायाचित्रे पाहिली तर तलाव भरले १६,९७४! फ्रान्समध्येही २०२२ साली विमानातून घेतलेली छायाचित्रे यंत्राकडून तपासून वीस हजारांवर लपवलेले तलाव शोधून काढले आणि त्यांवर कर बसवला. गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या आकाशातून कुणी मोजत नाही. निळे पाणी मोजतात.

असो. आता आकड्यांकडे येऊ. हे आकडे आप्पांच्या हौदाचे आहेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण रीत हीच.

बारा लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले आणि वीस वर्षांत मुद्दल व व्याज मिळून संपेल अशा बेताने दरवर्षी सारखी रक्कम काढत गेलो, तर वर्षाला सुमारे १,१३,००० रुपये हाती येतात. हौद बांधला की ते गेले. हा पहिला आकडा. तो कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो, म्हणून माणसे तो धरतच नाहीत. मग वीज. एक अश्वशक्तीचा पंप दिवसाला सहा तास चालवून पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरवावे लागते. रोज साडेचार युनिट झाले. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला सोळा हजार. औषधे, म्हणजे क्लोरीन, आम्ल, शेवाळाचे औषध वगैरे, महिन्याला दोन हजार, वर्षाचे चोवीस. आठवड्यातून दोनतीनदा येऊन तळ घासणाऱ्या, जाळीने पाने काढणाऱ्या माणसाला महिना तीन हजार, वर्षाचे छत्तीस. पंपाची मोटार जळणार, फरशा निघणार, काही वर्षांनी फिल्टरची वाळू बदलावी लागणार, त्यासाठी वर्षाला पंधरा हजार बाजूला. पाण्याचे टँकर नऊ हजार. हा चालू खर्च झाला एक लाख. बांधणीचे धरून एकूण वर्षाला २,१३,००० रुपये.

या रकमेला भागायचे कशाने? इथेच सगळी मेख आहे. आप्पा म्हणाले, "घरात पाच माणसं, रोज पोहणार." पाच गुणिले ३६५ म्हणजे १,८२५ डुबक्या, आणि एका डुबकीचा खर्च सुमारे ११७ रुपये. आप्पांचा चेहरा खुलला. मी म्हटले, थांबा. पगारवाढीच्या बोलण्यांत मालकाचा माणूस उत्पादनाचा आकडा सांगतो तेव्हा आपण काय करतो? हजेरीपट मागतो. तसा इथेही हजेरीपट धरू. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर महिनाभर रोज रात्री खूण करा. आज घरातल्या ज्या माणसाला पोहायला खरोखर वेळ होता आणि मनही होते, त्याची एक खूण. हौद आहे असे समजा आणि खोटे लिहू नका.

महिना होता एप्रिलचा, म्हणजे पाण्याची ओढ सगळ्यांत जास्त असते तो. मुलगा पाळीवर, रात्रपाळीहून आला की झोपतो. सून बँकेत, घरी यायला साडेसात. नातवाची परीक्षा. महिनाअखेर आप्पा दिनदर्शिका घेऊन आले. तीवर पंधरा खुणा होत्या. उन्हाळ्याचाच बेत वर्षभर टिकतो असे उदार मनाने धरले, पावसाळा आणि डिसेंबरचे गार पाणी विसरून गेलो, तरी वर्षाच्या १८० डुबक्या. दोन लाख तेरा हजार भागिले १८०. एका डुबकीला ११८३ रुपये.

माझी आपल्याला विनंती आहे की हौद असो, चारचाकी असो, नाहीतर डोंगरातले सुट्टीचे घर असो, आधी महिनाभर भिंतीवर खुणा करा.

याच हिशेबातून उलट उत्तर निघालेलेही मी पाहिले आहे. एका ओळखीच्या घरी मुलीला सांध्यांचा विकार आहे, डॉक्टरांनी रोज पाण्यात व्यायाम सांगितला आहे, आणि जवळ दुसरी सोय नाही. तिथे खुणा महिन्याला पन्नासच्या वर पडतात आणि प्रत्येक खुणेमागे एक औषधाची गोळी वाचते. त्यांनी लहानसा हौद बांधला, योग्य केले. कुणी पाहुण्यांना घर भाड्याने देण्याचा धंदा करीत असेल तर त्याची गोष्ट निराळी. तो कुटुंबाचा हौद नव्हे, ते धंद्याचे यंत्र आहे, आणि त्याचा हिशेब परवाना, विमा आणि रिकामे दिवस धरून धंद्यासारखा करावा.

आता पाणी. हौदात छत्तीस हजार सातशे लिटरांच्या आसपास पाणी मावते. जलजीवन मिशनचे खेड्यासाठीचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. त्या मापाने चार माणसांच्या घराला हे पाणी साडेपाच महिने पुरेल. बरे, एकदा भरून काम भागत नाही. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले की एक लिटर गेला, हे माप लक्षात ठेवायला सोपे आहे. हौदाचा पृष्ठभाग सत्तावीस चौरस मीटरांचा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर उडाले असे धरा, म्हणजे दोनशे पंधरा लिटर. चार माणसांचे दिवसाचे पाणी जवळजवळ तेवढेच होते. म्हणजे ऊन रोज एका कुटुंबाचे पाणी पिऊन जाते. वर आच्छादन घातले तर पुष्कळ वाचते, पण रोज ते काढणार आणि घालणार कोण? आणि कधी कधी पाणी उन्हाने जात नाही, गळतीने जाते. ते ओळखण्याची युक्ती सांगतो. हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीत आणि हौदात पाण्याच्या पातळीवर खूण करा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे सारखेच उतरले तर ऊन. हौदात जास्त उतरले तर कंत्राटदाराला फोन करा.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी पोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आप्पांच्या हौदासारखे चौदा हौदही त्यात पुरते भरले नसते, आणि त्या गाडीची वाट एक शहर पाहत होते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला पाण्याची ओरड झाली तेव्हा तिथल्या जलमंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी करून पाच हजार रुपये दंड ठेवला. केपटाऊनला २०१८ च्या दुष्काळात तेच झाले. म्हणजे पाण्याची ददात पडली की पहिला कोरडा पडतो तो हौद, आणि तोही ऐन उन्हाळ्यात, ज्या उन्हाळ्यासाठी तो बांधला.

जमिनीचेही ऐका. आप्पांचा प्लॉट काळ्या मातीत आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतातल्या भेगांत हात जातो हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ती फुगणारी माती हौदाच्या भिंतीवर बाहेरून रेटा देते. आणखी एक गोष्ट ऐकून तर फिटर असूनही आप्पा चकित झाले. पावसाळ्यात भूजल वर आलेले असताना दुरुस्तीसाठी हौद रिकामा केला, तर अख्खा हौद नावेसारखा वर उचलला जाऊ शकतो. भरलेला असतो तोवर पाण्याचे वजन त्याला खाली धरून ठेवते. म्हणून रिकामा करायचा तो उन्हाळ्यात आणि जाणत्या माणसाला विचारून.

क्लोरीनविषयी दोन शब्द. पाण्याच्या दहा लाख भागांत क्लोरीन एक ते तीन भाग असावा लागतो, आणि पाणी ना फार आंबट ना फार खारे असावे लागते. कडक उन्हात क्लोरीन झपाट्याने उडतो, म्हणून मोजमाप वरचेवर करावे लागते. तलावाला येणारा उग्र वास क्लोरीन जास्त पडल्याचा, अशी आपली समजूत असते. बहुधा तो वास माणसांच्या घामाशी आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्याचा असतो. आणि क्लोरीनची पूड व आम्ल हे एका बादलीत कधीही मिसळू नये, एका कपाटात शेजारी शेजारीही ठेवू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कारखान्यात अशा दोन पदार्थांच्या कोठ्या वेगळ्या ठेवतात, वर पाटी लावतात. घरात त्या जिन्याखाली असतात.

हे सगळे मी रविवारी आप्पांच्या घरी बसून मांडले. मला वाटले, हिशेब पुरा झाला. चहा घेऊन वहिनी आल्या. त्या इतका वेळ आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाणी धरलंत, वीज धरलीत, तळ घासणारा धरलात. पण पोरगं घरात आहे तोवर त्या हौदाकडे डोळे लावून कोण बसणार, ते कुठे लिहिलंय?"

श्रोतेहो, एकतीस वर्षे मी हजेरीपट तपासले आहेत. बदली कामगार, कंत्राटी कामगार, शिकाऊ कामगार, ज्यांची नावे कुणी पटावर घेत नाही ते शोधून काढणे हे माझे काम. आणि माझ्याच वहीतून एक कामगार सुटला होता. मुलगा पाळीवर, सून बँकेत, आप्पा दुपारी संघटनेच्या कचेरीत. मग हौदावरचा पहारा कुणाचा? वहिनींचा. गुडघे दुखतात, पोहता येत नाही, आणि पहारा मात्र सकाळी मूल उठल्यापासून रात्री निजेपर्यंत. सुट्टी नाही, पाळी बदलत नाही. मी वही पुन्हा उघडली. पहाऱ्याला माणूस ठेवला तर महिना बारा हजार. खरे म्हणजे संघटनेच्या माणसाने एवढा कमी पगार तोंडातून काढू नये, पण धरू. वर्षाचे १,४४,०००. एकूण खर्च झाला ३,५७,०००, आणि एक डुबकी जवळजवळ दोन हजारांना.

हा पहारा म्हणजे बायकांचा भित्रेपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात तीन लाख माणसे बुडून मेली. घरोघरी तलाव असलेल्या अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बुडणे हे आहे. रोग नव्हे, मोटार नव्हे. आणि लहान मूल बुडते ते सिनेमातल्यासारखे हातपाय आपटून ओरडत नाही. ते गुपचूप खाली जाते. दार लावून फोन घेऊन यावे, तेवढा वेळ पुरतो. ऑस्ट्रेलियात म्हणून घरच्या तलावाला चारही बाजूंनी कुंपण लागते, निदान एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीचे, आणि त्याचे फाटक आपोआप बंद होऊन खिटी पडणारे. फ्रान्सने २००३ साली कायदा करून कुंपण, धोक्याची घंटा, मजबूत आच्छादन किंवा वरचे छप्पर यांपैकी एक तरी सक्तीचे केले. आप्पांच्या अंदाजपत्रकात रंगीत दिव्यांसाठी पस्तीस हजार धरले होते. कुंपणाचा शब्द नव्हता.

इथे कुणी म्हणेल, हौद नको, शेततळ्यात शिकवू. कृपा करून तसे करू नका. शेततळ्याला आत प्लॅस्टिकचा कागद असतो आणि बाजू उतरत्या असतात. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत त्यात मुले गेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेले बापही गेले आहेत. ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांनी निदान भोवती कुंपण घालावे आणि काठाच्या खुंटांना गाठी मारलेले दोर बांधून पाण्यात सोडून ठेवावेत. पन्नास रुपयांचा दोर आहे. घरी गेल्यावर उद्याच बांधा.

मग नातवाने शिकायचे कुठे? मी शिकलो विहिरीत, पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून, मामांनी वरून ढकलल्यावर. ती रीत मी आज कुणाला सांगणार नाही. राहतो तो सार्वजनिक तलाव. तिथे सून म्हणाली, "त्या गर्दीत? कोण कुठली माणसं येतात तिथे!" ती मनाने चांगली मुलगी आहे, पण ते वाक्य मला खटकले, कारण परसातल्या तलावाची हौस जगभर जिथून पसरली तिथे ती याच वाक्यातून वाढली, असे मी वाचले आहे.

अमेरिकेत पूर्वी गावचा तलाव हीच रीत होती. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी सरकारने शेकडो तलाव बांधले. एकट्या न्यूयॉर्क शहरात १९३६ च्या उन्हाळ्यात अकरा प्रचंड तलाव उघडले. पण पुष्कळ ठिकाणी तिथे काळ्या लोकांना मज्जाव होता किंवा त्यांचा तलाव वेगळा असे. २१ जून १९४९ रोजी सेंट लुइस शहरातील फेअरग्राउंड पार्कचा तलाव सर्वांना खुला झाला, त्याच दिवशी गोऱ्या जमावाने काळ्या मुलांना मारहाण केली. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तर, काळ्यांना येऊ द्यावे लागेल म्हणून १९६३ साली आपले तलावच बंद केले, आणि १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नगरपालिकेला तसे करता येते असा निकाल दिला. गोरी मध्यमवर्गीय माणसे घरच्या तलावाकडे वळली. १९५० साली जमिनीत बांधलेला तलाव असणारी अमेरिकन कुटुंबे अडीच हजारांच्या आसपास होती. १९९९ पर्यंत ती चाळीस लाख झाली. उपनगरे वाढली, पगार वाढले, बांधकाम स्वस्त झाले, हीही कारणे होतीच. पण गावच्या तलावावर नको असलेली माणसे येऊ लागली, हे कारण मी सोडणार नाही.

आपण तरी त्यांना नावे ठेवू नयेत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तिथले पाणी प्यावे लागले, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. सुनेला मी हे सगळे व्याख्यान दिले नाही. एवढेच म्हटले, की पोरी, आपण तिथे गेलो की आपल्यालाही कुणीतरी तेच म्हणत असेल. ती हसली. मग म्हणाली, "पाणी स्वच्छ आहे का ते मात्र मी बघून येणार." हे योग्य बोलली. पाण्याच्या तपासणीचा तक्ता दारावर लावलेला आहे का, जीवरक्षक किती, त्यांना शिक्षण आहे का, हे विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि विचारणारी माणसे येत राहिली तरच तलाव नीट राहतो. पुढारी, डॉक्टर, कारखानदार आपापल्या परसात पोहू लागले की गावच्या तलावाचे पाणी हिरवे झाल्याचे कुणाला कळणार?

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा तलाव आहे, आप्पांच्या घरापासून अठरा किलोमीटर. उन्हाळ्यात एकवीस दिवसांचा वर्ग असतो. सून पाहून आली. तक्ता होता, पण तीन दिवसांपूर्वीचा. तिने कचेरीत तक्रारअर्ज दिला आणि पावती घेतली. मला फार बरे वाटले. बारा लाखांपैकी बहुतेक रक्कम आप्पांनी वहिनींच्या आणि स्वतःच्या नावे ठेवीत टाकली. परसात आंबा आणि चिकू लावले आहेत, आणि हौदाच्या जागी नातवाने क्रिकेटची खेळपट्टी केली आहे. खिडकीच्या काचा हा त्यातला चालू खर्च.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही सगळे तिथे जात होतो. नातू दहाव्या दिवशी तरंगू लागला, अठराव्या दिवशी रुंदी पार केली. नातवाला सोडायला म्हणून येणाऱ्या वहिनी शेजारच्या दोघींच्या आग्रहाने बायकांच्या वेळेत उतरल्या, आणि पाण्यात गुडघे दुखत नाहीत असे कळल्यावर त्यांनी वर्षाचा पासच काढला. आप्पाही उतरले आहेत. छातीइतक्या पाण्यात उभे राहतात, तोंड बुडवतात, श्वास सोडतात. शिकवणारा मुलगा त्यांच्या नातवाहून थोडाच मोठा, तो म्हणतो, "आजोबा, आता दांडी सोडा." आप्पा त्याला म्हणतात, "सोडतो. घाई करू नकोस." गेल्या रविवारी मी काठावर बसलो होतो. त्यांनी एक हात सोडला होता.